मिस्त्रीचा कान

"गाडी दुरुस्तीला दिली व्हती का बँडपथकात भरती केली, कायच कळंना झालंय."

बलभीम गुरुजी हे कुणाला उद्देशून म्हणाले नव्हते. ते आपल्या गाडीशी बोलत होते. पण गॅरेजचा पत्रा तो केवढा पातळ! पलीकडं मिस्त्रीची बायको तारामती डिझेलच्या तगारीत चेन बुडवून घासत बसली होती, तिला गुरुजींचा सुस्कारासुद्धा ऐकू आला.

"रिटायर माणसाची गाडी कशी पायजे? आल्याचं कळू ने, गेल्याचं कळू ने. आन् ही? गल्लीच्या तोंडाला आली की आमची मंडळी चहाचं आधण ठेवती."

तारामती खाकरली. गुरुजी दचकले, वर्गात चोरून तंबाखू मळताना सापडल्यासारखे.

"वैनी, तुमी हितं व्हय?"

"दुसरीकडं कुठं असनार? कालच नेली ना गाडी?"

"कालच. झकास झाली. मिस्त्रीचा हात म्हनजे काय..." गुरुजींनी मागं वळून बघितलं. धनाजी मिस्त्री पार आत, उजेडाकडं तोंड करून एका कार्बोरेटरशी झटत होता. तरी गुरुजींनी आवाज बारीक केला. "फकस्त हितं, बेंड पाइपापाशी जरा फुरफुर येतीय. सकाळी गार असताना तर लईच. कशी, म्हशीनं नाकातून पानी उडवल्यावानी."

"मग त्यांना सांगायचं."

गुरुजींनी तिच्याकडं असं बघितलं, जणू तिनं त्यांना देव्हाऱ्यातला देव विकायला सांगितला होता. "माज्याच्यानं न्हाय व्हायाचं, वैनी."

"बरं. ठेवून जावा. उद्या सकाळी दुधाच्या टायमाला येऊन घेऊन जावा."

"आज बाजार हाय. बाजार करून येतो आन् सांजच्याला ठेवतो." गुरुजींनी किक मारली. गाडी फुरफुरत, खाकरत परंड्याच्या रस्त्याला लागली. रस्त्याच्या कडेला झोपलेलं कुत्रं उठून बाजूला झालं. आत धनाजीनं मानही वर केली नाही.

भूममध्ये धनाजी मिस्त्रीचा कान हा गावाच्या मालकीचा होता असं म्हटलं तरी चालेल. तालुक्यात गॅरेजं कमी नव्हती. पण बाकीचे मिस्त्री गाडी उघडून बघत आणि धनाजी न उघडता सांगे. लांबलचक पेचकस घ्यायचा, त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे. वैद्य नाडी धरतो तसं. मग तो उभ्या उभ्या सांगे, "टायमिंग चेन सैल झालीय. पिस्टनला काय झालेलं न्हाय. उगं खर्चात पडू नको."

एकदा बार्शीचा एक कापड दुकानदार आला. खडखड आवाज येतो म्हणून त्यानं तीन ठिकाणी इंजिन उघडून घेतलं होतं. धनाजीनं पेचकस लावला, डोळे मिटले, मग पेचकस खाली ठेवला आणि पायानं गाडीचं स्टँड नीट वर लोटलं. आवाज बंद. "स्टँडची स्प्रिंग व्हती," म्हणाला, आणि स्प्रिंगचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. ही गोष्ट रणधीरच्या चहाच्या टपरीवर अजून सांगतात. दर वेळी त्यात एक इंजिन वाढतं.

गॅरेज काढायच्या आधी धनाजी सहा वर्षं मळणीयंत्रांच्या आणि डिझेल इंजिनांच्या कारखान्यात होता. तिथं शेजारच्या माणसाशीही खुणेनं बोलावं लागे. पुढं तीस वर्षं पत्र्याखाली, ठोकाठोकीत. म्हणजे ज्या कानानं कमावलं तोच कान थोडा थोडा खर्च होत गेला. हे तारामतीनं कुणाला कधी बोलून दाखवलं नव्हतं. तिला ते कळलं, त्याला दोन उन्हाळे झाले होते. वरची टाकी भरून वाहिली, पाणी पत्र्यावरून धबाधबा मागच्या चौकात पडायला लागलं, आणि हा बाबा तिथून चार हातांच्या अंतरावर बसून प्लग घासत होता. मान वर नाही. पायाखाली ओल आली तेव्हा म्हणाला, "आरं, आभाळ आलं का काय?" तारामती जिन्यात उभी होती. तिनं आधी मोटर बंद केली, मग पदरानं तोंड पुसलं, आणि म्हणाली, "टाकी भरली." बस्स. त्यापुढं काही म्हणाली नाही, आणि तिथंच चुकली.

मग एकेक बाजूला पडत गेलं. सोनाली, त्यांची लेक, कुर्डुवाडीला दिलेली. तिचा फोन आला की आधी हाच ओढून घ्यायचा. आता वाजला की तारामतीच्या हातात. "घे. तुजी लेक. तूच बोल." गिऱ्हाईक बोलायला लागलं की धनाजी त्याच्या तोंडाकडं बघत राही. लोकांना वाटे, मिस्त्री किती लक्ष देऊन ऐकतो.

आणि गाड्या फुरफुरायला लागल्या.

त्याचं कारण असं. इंजिनातून धूर बाहेर काढणारा जो बेंड पाइप असतो, तो जिथं इंजिनाला मिळतो तिथं एक रिंग बसते, बांगडीएवढी. ती दर खेपेला नवी घालावी, आणि दोन्ही नट आलटून पालटून, थोडे थोडे आवळावेत. एक आधी गच्च केला तर पाइप तिरपा बसतो आणि फटीतून हवा सुटते. धनाजीला हे काय कुणी शिकवायचं? पण तीस वर्षं त्यानं नट मोजून कधी आवळले नव्हते. कान सांगेल तिथं थांबायचा. फुरफुर बंद झाली की नट पुरे. आता त्याला फुरफुर सुरुवातीपासूनच बंद असायची.

गावानं हे कसं ठरवलं, कळत नाही. बैठक झाली नाही, कुणी शपथ घातली नाही. पण रीत पडली. गाडी मिस्त्रीकडंच टाकायची. मिस्त्री म्हणेल "झाली", की "झकास" म्हणायचं. दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या मागच्या बाजूनं येऊन वैनीच्या कानावर घालायचं, तेही आडून. कुणी म्हणे, "वैनी, गाडीला जरा सर्दी झालीय." कुणी म्हणे, "आमचं म्हातारं उगं म्हनतंय, आवाज येतोय, त्याचं काय ऐकता, पन बघा." मग पहाटे धनाजी मारुतीला पाणी घालायला गेला की तारामती शटर उघडायची. गार गाडी सुरू करायची, उदबत्ती पेटवून जोडापाशी धरायची. धूर सरळ वर गेला तर बरं; फट असेल तिथं तो फिसकटायचा, कुणी फुंकर घातल्यासारखा. खरं तर तिला कानानंही कळत असे. पण नेमकी जागा उदबत्ती दाखवी. मग नवी रिंग, दोन्ही नट, आलटून पालटून. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तीस वर्षं पाना हातात देता देता ती शिकली होती.

धनाजी देवळातून यायचा, गॅरेजात उदबत्तीचा वास घ्यायचा आणि खूश व्हायचा. "आजकाल लई देवाचं करायलीस."

"करावं लागतंय," ती म्हणायची.

यातली खरी गंमत दारावरच्या पाटीत होती. पाटी तारामतीच्याच अक्षरातली, सातवी पास अक्षरातली: 'सायलेन्सर फोडून मिळणार नाही. आवाज पाहिजे असल्यास डफ घ्यावा.' गावातली पोरं गाडी घेतली की आठ दिवसांत यायची. मिस्त्री, सायलेन्सरच्या पुंगळीतली जाळी काढून द्या, फटाके फुटल्यावानी आवाज पायजे. धनाजी त्यांना बसवून चहा पाजायचा आणि मग झापायचा. "कंपनीनं पुंगळीत जाळी घातली ती काय वांगी भाजाया? म्हातारं मानूस दचकतंय, तान्हं लेकरू उठतंय, गाभन जनावर उधळतंय. आन् गाडीचंबी वाटोळं. धूर साफ कराया आत जे बसवलंय तेच काढून टाकायचं, म्हनजे चूल ठेवायची आन् धुराडं पाडायचं." असा माणूस. आणि त्याच्याच गॅरेजातून आता महिन्याला तीन-चार गाड्या बोंबलत बाहेर पडत होत्या.

त्या दिवशी बाजार भरात असताना रणधीर टपरी पोरीवर सोडून, ओले हात झटकत गॅरेजच्या मागं आला. "वैनी, लई मजा झाली." हसू त्याच्या पोटात मावत नव्हतं. "चौकात पोलीस गाड्या अडवायलेत. आवाजवाल्या. पाच-सहा पोरं रांगेत हुभी, केसं रंगवलेली. आन् त्यांच्या मधी आपले गुरुजी. हातात मेथीची जुडी."

"अगं बाई!"

"ऐका की. हवालदार गुरुजींचाच इद्यार्थी. तो म्हनला, सर, तुमी? पुंगळी कुनी फोडून दिली? गुरुजी म्हनले, म्याच फोडली. तो म्हनला, ह्या वयात? गुरुजी म्हनले, हौस! हौसेला वय असतंय व्हय? हवालदार म्हनला, सर, म्या वर्गात एकदा शिट्टी मारली तर तुमी मला दिसभर बाकावर हुभा केला व्हता. गुरुजी म्हनले, मग आज फिटंल. फाड पावती."

तारामती हसली. चेन तगारीत टाकून, गुडघ्यावर कपाळ टेकून हसली. नेहमी टोपी, बंद गळ्याचा सदरा, उभ्या जन्मात सायकलची घंटीसुद्धा दोनदा न वाजवलेला माणूस. हौस म्हणे! हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते काही थांबेना.

"वैनी, एक हाय," रणधीर म्हणाला. "हवालदार जाता जाता माज्याकडं चहा प्याला. म्हनला, ह्या महिन्यात ही तिसरी गाडी. तिन्ही एकाच गॅरेजच्या. आन् तिघंबी म्हनत्यात, आमीच फोडली. म्हनला, असलं कधी बघितलं न्हाय. चोर पकडला की दुसऱ्याचं नाव घेतोय, हितं समदे सोताचं घ्यायलेत."

"तुम्ही काय म्हनलात?"

"म्या काय म्हननार? म्हनलं, साहेब, हवाच तशी हाय गावाची."

तो गेला. तारामती चेन घासत राहिली. घासून घासून चांदीची व्हायची वेळ आली. तिच्या मनात दुसरंच चाललं होतं. आज पुंगळी फुरफुरतीय, तिला लोक हसतायत. उद्या चाकाचं बेरिंग घासंल. परवा ब्रेक ओरडंल. फुरफुरीनं कुणी मरत नाही. पण बेरिंग सांगून फुटत नाही, ते फक्त कानाला सांगतं. आणि गाडीवर कुणाचं तरी लेकरू बसलेलं असेल. त्या दिवशी गाव पाठीशी उभं राहील? आणि राहिलं, तर ते आणखी वाईट.

आता सांगायचं, असं तिनं ठरवलं. जेवताना.

दुपारी तिनं ज्वारीची भाकरी त्याच्या ताटात मोडली, शेंगाची चटणी वाढली, त्याच्या समोर, उजेडात बसली. धनाजी खुशीत होता. बाजाराच्या दिवशी काम जास्त असतं.

"अवं," ती म्हणाली, "गाड्यांचं जरा..."

"तेच मीबी म्हनतोय," धनाजी म्हणाला. त्याला काय ऐकू आलं होतं कुणास ठाऊक. "आताच्या गाड्या मुक्या झाल्यात, तारा. पयली गाडी कशी, बोलायची. पोटात दुखतंय म्हनायची, घशात अडकलंय म्हनायची. आता पेचकस लावावा तर आत कुनी न्हायच. सरकारनं आवाज कमी करा म्हनलं, कंपन्यांनी मुक्याच करून टाकल्या." त्यानं घास हातातच ठेवला. "कवा कवा मला वाटतंय, माजं काम संपलं आता. ह्या गाड्यांना मिस्त्री नको, कंपुटर पायजे."

हे बोलताना तो तिच्या तोंडाकडं बघत होता. तोंडाकडं, डोळ्यांकडं नाही. ओठ कधी हलतात याची वाट बघत असल्यासारखा. तारामतीचे ओठ हलले.

"भाकरी घ्या अजून," ती म्हणाली.

त्याला ते बरोबर कळलं. त्यानं ताट पुढं केलं.

दोन दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, एक पोरगी बुलेट घेऊन आली. बुलेट येण्याआधी आवाज आला, आवाजाच्या आधी रणधीरच्या टपरीवरचे ग्लास वाजले. पोरगी पंचविशीची, अंगात ॲप्रन, पाठीवर औषधांची पेटी, आणि मागं दोरीनं बांधलेलं एक लांब खोकं. जनावरांच्या दवाखान्यात नव्यानं बदलून आली होती. नाव दीपमाला. माहेर अणदूरकडं, लहानपणापासून मेंढरांत वाढलेली.

"काका, तुमची पाटी वाचूनच थांबले," ती म्हणाली. "मला उलटं करून पाहिजे. ही फोडलेली पुंगळी काढा आणि ही बसवा."

बाकावर गुरुजी बसले होते, रणधीर ग्लास गोळा करायच्या निमित्तानं उभा होता, आणखी दोन गिऱ्हाइकं होती. सगळ्यांनी माना वळवल्या. असं गिऱ्हाईक त्या गॅरेजनं पाहिलं नव्हतं.

दीपमालानं सांगितलं ते असं. गाडी तिनं जुनी घेतली, आधीच्या मालकानं हौसेनं फटाका सायलेन्सर लावलेला. बिराप्पा मामा म्हणून एक मेंढपाळ, त्यांच्या मेंढ्यांचा तळ पाथरूडच्या अंगाला पडलाय. मागच्या आठवड्यात ती लस द्यायला गेली, तर गाडीच्या आवाजानं दीडशे मेंढरं उधळून दुसऱ्याच्या ज्वारीत शिरली. ज्वारीवाला शिव्या द्यायला लागला, मामा तिला. "मामा म्हणले, पुन्यांदा ह्या तोफेवर बसून आलीस तर लस तुलाच टोचीन. आज दोन वाजता बोलावलंय. चालत जायचं तर पेटी घेऊन सहा किलोमीटर."

धनाजी तिच्या ओठांकडं बघत होता. सगळं नाही, पण मतलब त्याला कळला असावा, कारण त्याचा चेहरा उजळला. त्यानं खोकं उघडलं. आत नवी कोरी पुंगळी, कंपनीच्या यादीतली, आधीच्यापेक्षा चांगल्या पोलादाची, न गंजणारी. त्यानं ती लेकरासारखी आडवी धरून फिरवली, मान्यतेचा शिक्का शोधला, अंगठ्यानं पुसला. मग गाडीचं आरसी बुक मागितलं, मॉडेल पडताळलं, पुन्हा शिक्का बघितला.

"बराबर हाय. ह्याच गाडीची हाय. पावती आन् ह्यो कागद गाडीत ठिव. कुनी अडवलं तर तोंड उघडायचं न्हाय, कागद उघडायचा."

मग त्यानं काम सुरू केलं, आणि तारामती बघत राहिली. हात अजून तेच होते. गंजलेला नट त्यानं तेल सोडून, दम धरून, एकही आटा न तोडता काढला. जुनी पुंगळी उतरवून तिच्या आतली कापलेली जाळी पोरीला दाखवली, आणि ती कुणी पुन्हा कुठल्या गाडीला लावू नये म्हणून हातोडीनं ठोकून पार चपटी केली. बाकावरचे लोक हसले. तळाच्या बारीक भोकातून पाणी निथळायला पाहिजे, गाडी धुतली की ते भोक बघायचं, चिखल बसू द्यायचा नाही, हेही त्यानं सांगितलं. नवी पुंगळी जोडून बेंड पाइप पुन्हा इंजिनाला बसवला. रिंग नवी घातली.

आणि एक नट आधी गच्च केला.

तारामतीनं ते पाहिलं. तिचा हात अर्धा वर आला होता. पण समोर चार माणसं बघत होती. हात पदराकडं गेला.

धनाजीनं गाडी सुरू केली. तोफ गेली होती. खोल, गुबगुबीत, खानदानी आवाज. आणि त्या आवाजाच्या कडेनं, स्पष्ट, फुर... फुर... फुर.

धनाजीनं पेचकस टेकवला, मूठ कानामागं लावली, डोळे मिटले. सगळं गॅरेज त्याच्याकडं बघत होतं. त्यानं डोळे उघडले. "लोनी," म्हणाला.

"काका, फुरफुर येतीय ना," दीपमाला म्हणाली.

बाकावरचं एक गिऱ्हाईक एकदम खोकायला लागलं. गुरुजींनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. पोरीला गावची रीत माहीत नव्हती. आठ दिवसांची ती गावात.

"काय?" धनाजी म्हणाला.

"फुरफुर. इथं." तिनं बोट दाखवलं. बोट धनाजीला दिसलं. त्यानं पुन्हा पेचकस लावला, पुन्हा ऐकलं, मान हलवली. "न्हाय. काय न्हाय."

"अहो, येतीय की! मेंढरं ह्या असल्याच आवाजाला बुजतात." तिनं बाकाकडं वळून विचारलं, "तुम्हाला येत नाही ऐकू?"

रणधीर म्हणाला, "मला तर काय येत न्हाय बा."

"मलाबी न्हाय," खोकणारा म्हणाला.

दीपमालानं गुरुजींकडं बघितलं. टोपी, बंद गळ्याचा सदरा. ह्या माणसाला विचारावं असा चेहरा. "सर, तुम्ही सांगा."

गुरुजी चाळीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणत आले होते. त्यांनी गाडीकडं बघितलं, धनाजीकडं बघितलं, आणि पायातल्या चपलेकडं बघून म्हणाले, "न्हाय, बाळ. एकदम गप हाय गाडी."

फुर, फुर, फुर, गाडी म्हणाली.

पोरगी गोंधळली. चार मोठी माणसं एका तोंडानं सांगतायत. तिचा हात कानाकडं गेला. "लहानपणी माझा हा कान फुटला होता," ती हळू म्हणाली. "त्याचंच असंल मग."

धनाजीनं तिचा कानाला लागलेला हात बघितला आणि त्याच्या चेहऱ्यावर अशी माया आली की तारामतीला बघवेना. त्यानं तेलकट हात पाठीला पुसला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. "पोरी, कानाची हेळसांड करू नगो. बार्शीला चांगला डाक्टर हाय. जा एकदा, दाखवून ये. कान गेला की मानूस..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "तरनीताठी हायेस. दाखवून ये."

दीपमालानं मान डोलावली. खरंच डोलावली. पेटी पाठीवर घेतली, हेल्मेट उचललं.

तारामती उठली. कशी उठली तिलाच कळलं नाही. तिला तो सगळा बाक दिसला, सगळा गाव दिसला, मायेनं आंधळा झालेला. आंधळा कसला, बहिरा. धनाजीला वाचवायला सगळ्यांनी मिळून ह्या पोरीचा धडधाकट कान काढून घेतला होता. आणि ह्याची सुरुवात तिनंच केली होती, दोन उन्हाळ्यांमागं, टाकी भरली तेव्हा.

ती धनाजीच्या जवळ गेली. इतक्या जवळ, की त्याच्या सदऱ्याचा पेट्रोलचा वास आला. त्याच्या कानाशी तोंड नेऊन, जसं नवराबायकोनं एकमेकांना सांगावं तसं, हळू सांगितलं.

"आँ?" धनाजी म्हणाला.

तिनं पुन्हा सांगितलं.

धनाजी गोंधळून हसला. बाकाकडं बघितलं, पोरीकडं बघितलं. "मोठ्यानं बोल की," तो म्हणाला. हे त्यानं कधी कुणाला म्हटलं नव्हतं. म्हणून झाल्यावर तोही जरा थबकला.

तारामतीनं हात लांब करून गाडीची चावी फिरवली. गाडी गप झाली. टपरीवरचा स्टोव्ह रणधीरच्या पोरीनं काय म्हणून बंद केला, तिचं तिला ठाऊक. समोरच्या पंक्चरवाल्यानं हवेचा नळ हातातच धरला. तीस वर्षांत तारामतीनं रस्त्यावर नवऱ्यापुढं आवाज चढवला नव्हता. जे एकट्याच्या कानात सांगायचं, ते सांगायला आता तिला अख्खी गल्ली ऐकेल असंच बोलावं लागणार होतं. दुसरा मार्ग त्याच्या कानानं ठेवलाच नव्हता.

तिनं त्याचे दोन्ही काळे हात आपल्या हातात धरले.

"पोरीचा कान चांगला हाय!" ती ओरडली. "गुरुजींचा चांगला हाय, रणधीरभाऊचा चांगला हाय! समद्यांना ऐकू येतंय, अवं! तुम्हाला ऐकू येत न्हाय!" तिचा आवाज फाटला, पण तिनं तो खाली आणला नाही. "तुम्हाला ऐकू येत न्हाय!"